न लिहिलेली राणी

शाळाखात्याच्या मोहतमिम साहेबांचं पत्र चौसाळ्यात आलं ते सोमवारी सकाळी, आणि धोंडीरामांनी ते तासभर नुसतं हातात धरून ठेवलं. उर्दू त्यांना वाचता येत नव्हतं. पण कागद जाड होता आणि शिक्का सरळ उमटला होता, त्यामुळे आत काहीतरी बरंच असणार असं ते धरून चालले होते. शेवटी गावच्या मदरशातले, म्हणजे सरकारी शाळेतले, इलियास मास्तर आले. त्यांनी पत्र आधी मनात वाचलं, मग चष्मा काढून पुसला. तेव्हा कुठे धोंडीरामांना जरा शंका आली.

"वाचा की मास्तर."

"काका, जलसा परवा, बुधवारी दुपारी. साहेब सोता येनार. तालुकदार साहेबांचे पेशकार बी येतेत. तिथवर समदं बेस हाय."

"आन पुढं?"

"पुढं लिवलंय का नाटकाच्या तख्तावर फकस्त मदरशाचे पोरं आन मास्तर उभे ऱ्हातील. तुमच्या कंपनीचा एक बी माणूस नको. कंपनीनं शिकवायचं, दिसायचं न्हाई."

धोंडीरामांनी पत्र परत घेतलं, घडी घातली आणि कोपरीच्या खिशात ठेवलं.

"मास्तर, दुपारी जरा इकडंच या. लांब जाऊ नका," एवढंच ते म्हणाले.

फसली तेराशे तेहतीसचं, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तेवीस-चोवीसचं, ते वर्ष धोंडीरामांच्या नाटकमंडळीला तसं बरं चाललं होतं, म्हणजे कुणी मेलं नव्हतं आणि कुणी पळूनही गेलं नव्हतं. पण गावोगाव खेळाची परवानगी मिळवता मिळवता धोंडीरामांच्या वहाणा झिजल्या होत्या. एका गावी तहसीलदार हो म्हणे तर दुसऱ्या गावी अमीन नाही म्हणे. अशात त्यांच्या धाकट्या मुलाने, बिभीषणाने, डोकं चालवलं. शाळा तपासायला नेकनूरला आलेल्या मोहतमिम हैदरअली साहेबांना तो जाऊन भेटला. साहेबांचं दुखणं निराळंच होतं. त्यांच्या मदरशांत मुलं उर्दू धडे घडाघडा म्हणून दाखवत, पण तुझं नाव काय विचारलं की मान खाली घालत. मास्तरही त्यातलेच. "पढ़ते सब हैं, बोलता कोई नहीं," असं साहेब म्हणाले. "बोलायला आमी शिकवतो," असं बिभीषणाने सांगून टाकलं.

तेव्हापासून दोन महिने चौसाळा, नेकनूर आणि केज इथले मास्तर आणि निवडक मुलं मंडळीच्या हाताखाली होती. धोंडीराम मास्तरांना पेटत्या पणतीसमोर उभे करून प, फ, ब, भ म्हणायला लावत. ज्योत हलली की पुन्हा पहिल्यापासून. मुलांना आडाच्या एका काठावर उभं करत आणि दुसऱ्या काठावर ऐकू जाईल असं कुजबुजायला शिकवत. केजच्या एका वयस्क मास्तरांचा घसा तिसऱ्याच दिवशी बसला. ते घरी गेले आणि मधाची बाटली घेऊन परत आले. आता तिन्ही मदरशांनी मिळून मंडळीचं 'धर्मसेन' नाटक साहेबांसमोर करायचं होतं. ते जमलं तर परळीपासून आष्टीपर्यंत जिल्ह्यातल्या सगळ्या मदरशांत शिकवण्याचा तीन वर्षांचा हुकूम मिळणार होता. असा हुकूम हाती असला की कुठल्याही गावी उतरायला कुणापुढे हात जोडायला नकोत.

धोंडीरामांनी एक गोष्ट मात्र साहेबांना सांगितली नव्हती.

मंडळीत पूर्ण नाटक कधीच कुणाच्या हाती देत नसत. ज्याला त्याला त्याच्या भाषणांपुरती नक्कल मिळे, आणि वर आधीच्या माणसाचे शेवटचे दोन शब्द. कारण जुनं होतं. धोंडीरामांच्या वडिलांचं, आश्रुबांचं, पहिलंवहिलं नाटक एका पाहुण्या नटाने चोरून दुसऱ्या मंडळीला नेऊन दिलं होतं. दुधाने तोंड पोळलेल्या आश्रुबांनी मग 'धर्मसेन'मधल्या विमलाराणीचं काम कागदावर येऊच दिलं नाही. ते बापाच्या तोंडून मुलाच्या कानात जायचं. आश्रुबांकडून धोंडीरामांना, धोंडीरामांकडून थोरल्या राधाकिशनला. राणी एका वेळी एकाच्याच तोंडात, असा घरचा नेम होता आणि मरताना आश्रुबांनी तो पाणी सोडून वदवून घेतला होता.

म्हणून धोंडीरामांनी चौसाळ्याला राजा दिला, नेकनूरला राजपुत्र दिला, केजला प्रधान आणि सेनापती दिले, आणि राणी घरात ठेवून घेतली. ऐन वेळी राधाकिशन शालू नेसून पोरांमध्ये उभा राहील आणि साहेब खूश होतील, असं त्यांच्या मनात होतं. आता साहेबांनीच ती वाट बंद केली होती.

दुपारी जेवणं झाल्यावर सरकीच्या रिकाम्या गोदामात घरची माणसं बसली. मंडळीचं बिऱ्हाड तिथेच होतं. मधोमध वनाचा रंगीत पडदा टांगलेला होता. पडद्याच्या अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. बायकांपैकी एकट्या बायनाबाई अलीकडे बसत. त्या धोंडीरामांच्या थोरल्या बहीण, पंचवीस वर्षांपूर्वी विधवा होऊन माहेरी आलेल्या. मंडळीच्या पेट्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत.

"ह्यात इतकं काय हाय?" बिभीषण म्हणाला. "दादानं इलियास मास्तराला काम सांगावं. दोन दिस हायेत. त्याची याददाश्त लई चांगली हाय."

राधाकिशन सुपारी कातरत होता. वय चाळीस. गेल्या तीन-चार वर्षांत त्याचं पोट सुटलं होतं आणि शालूच्या निऱ्या आता नीट बसत नव्हत्या, पण लोक अजून त्याच्याच नावावर येत. "सांगावं म्हंजी?" तो मान वर न करता म्हणाला. "भाजी हाय का ती, घे बाबा पावशेर?"

"हुकूम गेला तर मंडळी ऱ्हाती का बे?"

"बे मला म्हनू नको. मंडळी ऱ्हाईल न्हाईतर मोडंल. मला हैद्राबादहून बोलावणं हाय. पर राणी घराभाईर द्यायची न्हाई."

"राधाकिसन बरोबर बोलतोय," बायनाबाई म्हणाल्या. "बानं हातावर पाणी सोडून घेतलंय. मी तिथंच उभी व्हते."

बिभीषणाने वडिलांकडे पाहिलं. धोंडीराम म्हणाले, "मला बानं दिलतं. म्या राधाकिसनला दिलं. मी अजून मेलेलो न्हाई. मास्तराला मीच सांगतो."

"तुमाला येतं का आबा आता?" राधाकिशनने विचारलं. त्याच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

धोंडीराम उठले. अठरा वर्षांत त्यांनी राणी तोंडात घेतली नव्हती. त्यांनी उपरणं डोक्यावरून घेतलं, एक खांदा किंचित पुढे टाकला, आणि साठीच्या त्या फाटक्या आवाजात पहिला प्रवेश बिनचूक गेला. दुसराही गेला. बिभीषणाने बापाला असं कधी पाहिलंच नव्हतं. तिसरा प्रवेश निरोपाचा. शत्रूकडे ओलीस म्हणून राजा आपला मुलगा पाठवतो आणि राणी राजासमोर येते.

"महाराज, राज्य तुमचं आहे, वचन तुमचं आहे. ते मोडायला मी आले नाही..." धोंडीराम थांबले. त्यांनी पुन्हा सुरू केलं. "ते मोडायला मी आले नाही. पण... पण हा..." त्यांचा हात हवेतच राहिला. उपरणं खांद्यावर घसरलं.

पडद्यामागून बाईचा आवाज आला, अगदी सावकाश, चुकलेल्या पोराला आठवण करून द्यावी तसा.

"पण हा मुलगा नऊ महिने कुणाच्या राज्यात होता, तेवढं सांगा."

राधाकिशनच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला.

मुक्ताबाई पदर सारखा करत पडद्याच्या कडेने बाहेर आली. ती राधाकिशनची बायको. ज्वारी निवडत बसली होती, ते सूप अजून तिच्या हातात होतं.

"तुला कसं काय येतं ते?" राधाकिशन म्हणाला.

"चौदा वर्सं झाली तुमाला लुगडं नेसवते. तुमी म्हनत आसता, मी निऱ्या करत आसते. कान काय खुंटीला टांगून ठिवू?"

"समदं येतं?" धोंडीरामांनी विचारलं.

"समदं येतं मामा."

बिभीषणाला खरं तर आनंद व्हायला हवा होता. दोन महिने त्याने जे उभं केलं ते वाचण्याची वाट समोर दिसत होती. पण बारा वर्षांचा असल्यापासून तो राणी मागत होता. धाकट्याला नाही, एवढंच उत्तर त्याला मिळत आलं होतं, आणि तो सेनापती होऊन खोट्या मिशा लावत राहिला होता.

"मला न्हाई दिलं," तो म्हणाला. "घरात जन्मलो मी. आन वैनीला येतं. आता तिच्याकून मास्तराला द्यायचं आन मी दिवटी धरून उभं ऱ्हायचं? आसं आसंल तर कुणालाच देऊ नका. गेला हुकूम तर गेला."

हे बोलून झाल्यावर तो स्वतःच चकित झाला. सकाळपासून ज्याच्याशी भांडत होता त्या भावाच्या शेजारी आता तो जाऊन बसला होता.

राधाकिशनला जोर आला. "आबा, ऐका. शब्दाचं काय घिऊन बसलात? शब्द कुनी बी म्हनंल. लोक शब्दाला येत न्हाईत. तिसऱ्या प्रवेशात राणी पोराचं तोंड पुसती ना, ते बघाया येतेत. केजपून बीडपून गाड्या जुपून येतेत. ते माझं हाय. ते मास्तराला जमनार हाय का?"

मुक्ताबाईने सूप खाली ठेवलं.

"ते तुमचं हाय?" ती म्हणाली.

सगळ्यांना ती काय म्हणते ते कळलं, आणि सगळ्यांनी न कळल्यासारखं केलं. त्या घरात त्या गोष्टीवर कधी कुणी बोलत नसे. मानमोडी तापाच्या साथीत मुक्ताबाई-राधाकिशनचा मुलगा वैजिनाथ गेला त्याला पाच वर्षं झाली होती. सहा वर्षांचा होता. त्याला उचलण्याआधी मुक्ताबाईने पदराचा शेव थुंकीने ओला केला आणि त्याच्या ओठाच्या कडेला राहिलेला काढ्याचा डाग पुसला, शाळेला निघालेल्या मुलाचं तोंड पुसावं तसा. राधाकिशन उंबऱ्यात उभा राहून ते बघत होता. तीन आठवड्यांनी मंडळी उभी राहिली. केजच्या खेळात निरोपाच्या प्रवेशात विमलाराणीने पदराचा शेव ओला केला आणि राजपुत्राचं तोंड पुसलं. लोक ढसाढसा रडले. मुक्ताबाईने ते पडद्याआडून पाहिलं होतं आणि तेव्हा काहीच म्हटलं नव्हतं.

"शब्द तुमच्या घराचे हायेत," ती आता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मामा द्या म्हनले तर देईन, न्हाई म्हनले तर न्हाई. पर ते पुसणं माझं हाय. ते मास्तराला बी देनार न्हाई. आन मला ते परत पायजे."

"परत म्हंजी?"

"तुमी ते करू नका हितून पुढं. पाच वर्सं गावोगाव माझ्या लेकराचं मरण दाखवलंत. लई झालं."

राधाकिशन उठला. "त्याच्यावर समद्यांच्या भाकरी चालतेत," तो म्हणाला. "तुझी बी." आणि वहाणा न घालताच तो बाहेर गेला. बाहेर ऊन होतं आणि इलियास मास्तर सरकीच्या पोत्यावर बसून वाट बघत होते. त्यांच्याकडे न बघता तो ओढ्याच्या बाजूला चालू लागला.

आत बायनाबाईंनी कमरेच्या किल्ल्या सारख्या केल्या. त्यांना आपली आई आठवली होती. पीठ मळता मळता ती राणीची भाषणं पुटपुटायची आणि आश्रुबा आले की गप्प व्हायची. आठ-नऊ वर्षांच्या बायनाबाईंनाही पहिला अंक पाठ होता. पुढे सासरी गेल्यावर तो गेला.

"धोंडीराम," त्या म्हणाल्या, "बाचा नेम तोंडाचा व्हता. ह्या घरात राणी एकाच्या तोंडात आन समद्या बायकांच्या कानात. मुक्ताला सांगू दे."

"आक्का, आत्ता तर तू म्हनलीस..."

"आत्ता म्हनले ते आत्ता गेलं."

"वर गेल्यावर बानं इचारलं तर?"

"मी आदुगर जानार हाय. मी सांगते त्याला."

धोंडीरामांनी बिभीषणाकडे पाहिलं. बिभीषणाने मान फिरवली. थोरल्या लेकाला विचारायला तो तिथे नव्हता. मग आयुष्यात पहिल्यांदाच धोंडीरामांनी मुलांना वगळून निर्णय घेतला आणि तो सुनेला सांगितला. "दे," ते म्हणाले.

मंगळवारी सकाळपासून शिकवणी सुरू झाली. वनाच्या पडद्याच्या एका बाजूला मुक्ताबाई, दुसऱ्या बाजूला मांडी घालून इलियास मास्तर, आणि दोघांना दिसतील अशा बायनाबाई पडद्याच्या कडेला, मिश्री लावत. मास्तरांनी पहिलीपासून सगळं शिक्षण उर्दूतच केलेलं. मराठी त्यांच्या घरची बोली, पण लिहिता येत नव्हती. मुक्ताबाई एक वाक्य सांगे आणि ते उजवीकडून डावीकडे ते लिहून घेत. पन्नासहून जास्त वर्षं कागदापासून जपलेली राणी अशी उर्दू अक्षरांत उतरत होती, आणि घरातल्या एकालाही ती वाचता येणार नव्हती. धोंडीरामांनी दोनदा कागद हातात घेऊन पाहिला आणि दोन्ही वेळा उलटा धरला.

"बाई, हितं राणी रागात हाय का?" मास्तर विचारत.

"न्हाई. राग आला आस्ता तर ती आली नस्ती. ती इचारतीय. तुमी वर्गात पोराला इचारता का न्हाई, वही कुठं हाय म्हनून? तसं."

"पोरगं उत्तर देत न्हाई तवा?"

"हां. तसंच."

गोदामाच्या मागच्या भिंतीला एक फट होती. बिभीषण दोन वेळा तिथून गेला. तिसऱ्या वेळी थांबला. दुपारपर्यंत तो तिथेच खाली बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. बायनाबाईंना तो दिसत होता. त्या काही बोलल्या नाहीत.

तिसरा प्रवेश आला तेव्हा मास्तरांनी बोरू खाली ठेवला. "बाई, हे मी बीडला पाहेलतं. हितं राणी पदर ओला करून..."

मुक्ताबाईला वाटत होतं की सांगावं आणि मोकळं व्हावं. नाहीतरी गावोगावच्या लोकांनी ते पाहिलेलंच होतं. पण मग तिला वाटलं, एकदा दिलं की ते प्रत्येक मदरशात होईल, प्रत्येक मास्तर ते करील, आणि तिच्याकडे त्या दिवसाचं काहीच उरणार नाही.

"तिथं काई करू नका," ती म्हणाली. "हात खाली सोडा. पोराकडं बघा."

"बस?"

"बस. चांगलं बघा मातर."

बुधवारी मदरशाच्या पटांगणात साहेबांसाठी खुर्ची आणि पेशकारांसाठी दुसरी, अशा दोन खुर्च्या होत्या. बाकी गाव जमिनीवर, झाडांवर आणि आजूबाजूच्या घरांच्या माळवदांवर होतं. मुलांना पोशाख नव्हते. साहेबांनी तसंच सांगितलं होतं. चौसाळ्याचा राजा टोपी घालून आला आणि त्याच्या पहिल्या वाक्याला मागच्या बाजूला बसलेल्या त्याच्या चुलत्याने मोठ्याने "शाब्बास" म्हटलं. केजचे प्रधान दोन ओळी गिळून गेले. पण मुलं बोलत होती, आणि पार शेवटच्या ओळीत ऐकू येत होतं. हैदरअली साहेब पुढे झुकून ऐकत होते.

राधाकिशन गर्दीच्या मागे लिंबाखाली उभा होता. सोमवारपासून तो घरात जेवला नव्हता, कुणाशी बोलला नव्हता, पण यायचं टाळणं त्याला जमलं नाही. स्वतःचं नाटक त्याने समोरून कधी पाहिलं नव्हतं. मास्तर फसावेत असं त्याला मनापासून वाटत होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

इलियास मास्तर काळ्या शेरवानीत, चष्म्यासकट आणि मिशीसकट, राणी म्हणून उभे राहिले. माळवदावरच्या पोरी फिदीफिदी हसल्या. पहिल्या प्रवेशात हसणं चालू होतं, दुसऱ्यात कमी झालं. तिसऱ्यात त्यांनी राजाला विचारलं, "पण हा मुलगा नऊ महिने कुणाच्या राज्यात होता, तेवढं सांगा." ते अगदी वर्गात विचारावं तसंच त्यांनी विचारलं. चौसाळ्याच्या राजाला, ज्याला ते रोज वर्गात असंच विचारत, खरोखरच उत्तर देवेना. त्याची मान खाली गेली. ते त्याच्या नकलेत नव्हतं.

मग नेकनूरचा राजपुत्र पुढे आला. दहा-अकरा वर्षांचा, कुडता धुतलेला, कपाळावर घाम. मास्तरांनी हात खाली सोडले आणि त्याच्याकडे पाहिलं.

राधाकिशनचा हात आपोआप खांद्याकडे, नसलेल्या पदराकडे गेला. आता लोक चुळबुळ करतील, असं त्याला वाटलं. लोक चुळबुळले नाहीत. कुणी हुंदकाही दिला नाही. सगळं पटांगण त्या पोराकडे बघत राहिलं, कारण बघायला दुसरं काही नव्हतंच. राधाकिशनही बघत राहिला. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की पाच वर्षांत त्या जागी त्याने राजपुत्राच्या तोंडाकडे कधी पाहिलंच नव्हतं. पुसताना त्याची नजर समोर असायची. कोण रडतंय, कोण नाही, हे तो मोजत असायचा. आपण काय केलं हे त्याला त्या लिंबाखाली स्वच्छ कळलं. त्याला फार वाईट वाटलं.

नाटक संपल्यावर साहेबांनी सगळ्या मुलांची नावं विचारली आणि प्रत्येकाने मान वर करून सांगितली. मग त्यांनी धोंडीरामांना बोलावून घेतलं. हुकूम ते तिथेच लिहून देणार होते.

"इलियास मियाँ को किसने सिखाया?" त्यांनी विचारलं. "उस्ताद का नाम लिखना पड़ता है."

धोंडीरामांनी तोंड उघडलं. सवयीने, विचार न करता, ते म्हणाले, "आमचा थोरला..."

"मुक्ताबाई," मागून राधाकिशन म्हणाला. गर्दीतून वाट काढत तो पुढे आला होता. "मुक्ताबाई राधाकिशन. माझी मंडळी. तिनंच शिकवलं."

साहेबांनी लेखणी थांबवली. त्यांनी आधी धोंडीरामांकडे पाहिलं, मग बिभीषणाकडे. बिभीषणाने होकारार्थी मान हलवली.

"पर्दे से सिखाएँगी?"

"त्या पडद्याआडून, आमी पडद्याभाईर," बिभीषण म्हणाला. "जमंल साहेब."

साहेबांनी नाव लिहिलं. चुकू नये म्हणून दोनदा विचारून लिहिलं.

राधाकिशन गोदामात आला तेव्हा मुक्ताबाई वनाचा पडदा उतरवून घडी घालत होती. बातमी तिच्यापर्यंत त्याच्या आधीच पोचली होती. ती थांबली नाही. त्याने पडद्याचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून घडी केली.

"शुक्कुरवारी नेकनूरला खेळ हाय," तो म्हणाला.

"माहीत हाय."

"तिथं मी हात खाली ठिवनार हाय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. "लोक वरडतील."

"वरडू दे."

घडी झाली तरी त्याने टोक सोडलं नव्हतं.

"वैजू किती वर्सांचा आस्ता गं आता?"

पाच वर्षांत त्याने ते नाव उच्चारलं नव्हतं. मुक्ताबाईला हिशेब करावा लागला नाही.

"अकरा," ती म्हणाली. "ह्या पोळ्याला अकरा झाले आस्ते."

राधाकिशन खाली बसला आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं. पटांगणातून पोरांचा, मास्तरांचा गलका इकडेच येत होता; धोंडीराम हुकूम दाखवायला सगळ्यांना घेऊन येत होते. मुक्ताबाई दाराशी गेली आणि तिने गोदामाचं दार आतून लावून घेतलं.